नेव्हीची जहाजं, रिफिट, डॉकयार्डातले अपघात आणि 'जबाबदार कोण?' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नेव्हीच्या एखाद्या जहाजाला काही झालं की पुढचे चार दिवस माझा फोन वाजत राहतो. मी नेव्हीत नव्हतो हे आधीच सांगतो. आमचे मामा डॉकयार्डात फिटर होते, त्यामुळे बॉयलर, व्हॉल्व्ह, पॅकिंग हे शब्द लहानपणापासून जेवताना कानावर पडत गेले आणि पुढे जे मिळेल ते वाचत राहिलो, एवढंच माझं भांडवल. नातेवाईक, सोसायटीवाले, पोरांचे मित्र सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलं. ह्यात गुपित वगैरे काही नाही, सगळं आधीच पेपरात आणि सरकारी रिपोर्टांत आलेलं आहे.

प्रश्न: जहाज एवढं जाड पोलादाचं असतं, त्याला सतत दुरुस्ती कशाला लागते?

खाऱ्या पाण्यात उभं असतं म्हणून, दुसरं काय. माहीमला नाहीतर वर्सोव्याला राहणाऱ्या कोणालाही त्यांच्या खिडकीच्या ग्रिलबद्दल विचारा. घासा, रेड ऑक्साईड मारा, दोन पावसाळ्यांत परत फुगे. हे तर नुसत्या हवेत असलेलं लोखंड झालं, जहाज चोवीस तास पाण्यातच.

त्यात भर म्हणजे जहाजाचा पंखा ब्राँझसारख्या धातूचा आणि बूड पोलादाचं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की आपोआप एक बॅटरी तयार होते आणि त्यात पोलाद हळूहळू खाल्लं जातं. म्हणून बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात, समुद्राने आधी ते खावेत आणि पोलाद सोडावं म्हणून. ते ठोकळे संपले की बदलायचे. शिवाय बुडाला शेवाळ धरतं, शिंपल्यांसारखे चिकट जीव बसतात, जहाज जड चालतं, तेल जास्त जातं आणि वेग पडतो. आपल्या कोकणातले मच्छीमार हे पिढ्यानपिढ्या ओळखून आहेत, जूनमध्ये बंदी लागली की बोटी वर ओढायच्या, बूड खरवडायचं, शाकारून ठेवायच्या. नेव्हीला मात्र पावसाळ्याची सुट्टी नाही.

मामा म्हणायचे की बाहेरून दिसतो तो गंज आपला दोस्त, कारण तो साहेबाला पण दिसतो आणि लगेच कोणाच्या तरी हातात चिपिंग हॅमर येतो. खरी भीती पाइपावरच्या कापडाच्या आत, केबलच्या गुच्छामागे, टाकीच्या तळाला असते.

प्रश्न: रिफिट म्हणजे गाडीची सर्व्हिसिंगच ना?

साधारण तसंच, फक्त सर्व्हिसिंग चालू असताना गाडीत दोन-तीनशे माणसं राहत असतात, जेवत असतात आणि आतमध्ये वेल्डिंग चालू असतं असं समजा. छोटी कामं जहाजावरचेच लोक बंदरात असताना करतात. त्याच्या वर शॉर्ट रिफिट, नॉर्मल रिफिट, मग मीडियम रिफिट जे वर्षं खातं, आणि अर्ध्या आयुष्याला रडार-शस्त्रं बदलून जवळजवळ नवं जहाज करतात ते मिड-लाइफ अपग्रेड. कुठलं जहाज किती दिवस समुद्रात आणि किती दिवस दुरुस्तीत ह्याचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. ते वेळापत्रक बिघडलं की सगळी साखळी बिघडते, त्यावर खाली येतोच.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर विमानवाहू जहाज आयएनएस विक्रमादित्यच्या शॉर्ट रिफिट आणि ड्राय डॉकिंगचं कंत्राट नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डला दिलं ते १,२०७.५ कोटींचं. आणि नाव काय, तर 'शॉर्ट'.

प्रश्न: ड्राय डॉकमध्ये उभं असलेलं जहाज आडवं कसं पडतं? म्हणजे पाणीच नाही तर बुडेल कसं?

हा आयएनएस बेटवाचा प्रश्न. ५ डिसेंबर २०१६, मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात १२६ मीटर लांबीची, जवळपास चार हजार टनांची फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) डॉकमधून बाहेर काढताना एका कुशीवर पडली. दोन नौसैनिक गेले, चौदा जखमी झाले. फोटो बघून लोकांना खरंच वाटेना.

आधी डॉक काय असतो ते बघू. एक मोठा दगडी हौद, समुद्राच्या बाजूला गेट. जहाज आत घ्यायचं, गेट लावायचं, पाणी उपसायचं. जहाज खाली ओळीने मांडलेल्या ठोकळ्यांवर बसतं. हे ठोकळे कुठे, किती उंचीचे, जहाजाच्या बुडाला बाहेर आलेली सोनारची (आवाजाने पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राची) घुमटी कुठे येते हे सगळं त्या जहाजाच्या डॉकिंग प्लॅनप्रमाणे आधी मांडावं लागतं, कारण पाणी भरलेलं असताना खाली काही दिसत नाही.

जहाज पूर्ण बसलेलं असताना ते बऱ्यापैकी सुरक्षित असतं आणि पूर्ण तरंगत असताना पण. धोक्याचा काळ मधला, ज्या वेळी अर्धं वजन ठोकळ्यांवर आणि अर्धं पाण्यावर असतं. त्या वेळी खालून ठोकळ्यांचा जो जोर लागतो त्याने जहाजाची स्वतःला सावरायची ताकद कमी होते, शास्त्रात ह्याची गणितं आहेत आणि डॉकमास्तर ती करूनच बसतो. त्यात रिफिटमध्ये जहाजाचं वजन बदललेलं असतं, कुठून इंजिनाचा भाग काढला, कुठे टाकीत तेल आहे का पाणी आहे का, हे हिशोबात बरोबर आलेलं पाहिजे. बेटवाच्या वेळी नेव्हीने सुरुवातीला सांगितलं की डॉक ब्लॉकची यंत्रणा निकामी झाली असावी. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये परदेशी सॅल्व्हेज कंपनी आणून तिला सरळ केलं आणि नंतर ती परत सेवेत पण आली, हे विशेष आहे आणि त्याबद्दल डॉकयार्डच्या लोकांना कोणी फारसं शाबास म्हटलं नाही.

प्रश्न: आयएनएस ब्रह्मपुत्राची आग तर विझवली होती, मग ती कलंडली कशी?

विझवली म्हणूनच, असं अर्धवट खरं उत्तर आहे. २१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी रिफिट चालू असताना आग लागली, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आटोक्यात आली आणि दुपारनंतर जहाज डाव्या अंगाला झुकत झुकत धक्क्याला टेकलं. एक नौसैनिक गेला.

घरी करून बघा. परातीत दोन तांबे पाणी घ्या आणि परात दोन्ही हातांनी धरून चाला. जरा तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. जहाजाच्या मोठ्या डेकवर आग विझवायला मारलेलं शेकडो टन पाणी असंच हिंडतं. म्हणून आग विझवणाऱ्यांच्या बरोबरीने पाणी उपसणारे आणि जहाज किती अंशांनी झुकतंय हे मोजणारे पण लागतात. समुद्रात असताना जहाजाचे दरवाजे, हॅच बंद करता येतात, पाणी एका कप्प्यात अडवता येतं. रिफिटमध्ये मात्र त्याच दरवाजांतून वेल्डिंगच्या केबली, हवेचे पाइप, तात्पुरत्या वायरी गेलेल्या असतात आणि दरवाजा लावायचा म्हटलं तर लागत नाही. हे मी ब्रह्मपुत्राबद्दल म्हणत नाही, रिफिटमधल्या कुठल्याही जहाजाची ही अवस्था असते, कुठल्याही देशात.

(गंमत बघा, गंमत कसली म्हणा, बेटवा आणि ब्रह्मपुत्रा दोघी एकाच वर्गातल्या, कोलकात्याला बांधलेल्या बहिणी, आणि दोघी एकाच डॉकयार्डात कुशीवर झोपल्या, आठ वर्षांच्या आत.)

प्रश्न: पाणबुडीत एवढी भीती बॅटरीची का असते?

डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. आपल्याकडच्या किलो वर्गातल्या म्हणजे सिंधू नावाच्या पाणबुड्यांत २४० सेल असतात, दोन गटांत, माणसं झोपतात त्या जागेच्या खालीच. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो साधारण ४ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीची वाट बघत बसतो. समुद्राचं पाणी बॅटरीत गेलं तर क्लोरीन, तो वेगळाच. त्यामुळे पंखे चालू आहेत का, गॅस किती आहे, केबलचे जॉइंट तापतायत का हे सतत बघत राहणं हेच तिथलं जगणं.

२६ फेब्रुवारी २०१४ ला आयएनएस सिंधुरत्न रिफिटनंतरच्या चाचण्यांसाठी मुंबईच्या समुद्रात होती. पहाटे एका कप्प्यात धूर झाला. लेफ्टनंट कमांडर कपीश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्या कप्प्यात राहिले आणि गेले, बाकीचे वाचले, सात जणांना हेलिकॉप्टरने कुलाब्याला अश्विनी हॉस्पिटलला आणलं.

त्याआधी सहाच महिने, १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री आयएनएस सिंधुरक्षक मुंबईत धक्क्याला बांधलेली असताना स्फोट होऊन बुडाली होती, आतले १८ च्या १८ गेले. ती तर रशियात मोठं रिफिट करून काही महिन्यांपूर्वीच आलेली, म्हणजे 'जुनी झाली होती हो' हे उत्तर तिथे चालत नाही. कॅगच्या (सरकारी खर्च आणि कामकाज तपासणाऱ्या ऑडिट संस्थेच्या) २०१७ च्या रिपोर्टात जे आलं ते वाचून मला जास्त वाईट वाटलं, की क्रू थकलेला होता आणि पाणबुडीचा कार्यक्रम मंजूर करताना हा थकवा नीट मोजला गेला नाही, तयारीला पुरेसा वेळ पण नव्हता. आपण सगळे केबल आणि बॅटरी बघतो पण माणसाचं मेंटेनन्स कोण बघणार, त्याचं रजिस्टर कुठे असतं?

प्रश्न: अॅडमिरल जोशींनी राजीनामा का दिला? त्यांची काय चूक?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्यावर आमच्या घरात आजही दोन पार्ट्या आहेत.

आधी घटना. सिंधुरक्षकनंतर एकामागून एक चालूच होतं. डिसेंबर २०१३ मध्ये आयएनएस तलवारची रत्नागिरीजवळ मच्छीमारांच्या बोटीशी टक्कर झाली, बोट बुडाली, सत्तावीस जण नशिबाने वाचले. जानेवारी २०१४ मध्ये बेटवाच्याच सोनारच्या घुमटीला तडा सापडला, आयएनएस ऐरावत विशाखापट्टणमजवळ जमिनीला लागलं. आणि मग सिंधुरत्न. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी गेल्या काही महिन्यांतल्या अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारने तो त्याच दिवशी घेतला पण. दीड वर्षाच्या आसपास कार्यकाळ शिल्लक होता.

एक पार्टी म्हणते (आमची आई ह्यात), माणूस असावा तर असा, १९५६ मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी दिला होता तसा. स्वतः पाणबुडीवर नव्हते, वायर त्यांनी लावली नव्हती, तरी वरचा माणूस म्हणून उठून उभे राहिले.

दुसरी पार्टी म्हणजे मी. राजीनाम्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण मला ती फाईल त्याच दिवशी बंद झाल्यासारखी वाटली. सकाळी धूर, संध्याकाळपर्यंत राजीनामा, रात्री टीव्हीवर 'मूल्यं' वगैरे चर्चा. नवीन बॅटरी वेळेवर आल्या का, सुटे भाग मागितले कधी आणि मिळाले कधी, नवीन पाणबुड्या इतकी वर्षं उशिरा का झाल्या, हे सगळे प्रश्न दिल्लीतल्या ज्या टेबलांवरून जातात ती टेबलं गणवेशातली नव्हेत आणि तिथून कोणी उठलं नाही. वर राजीनामा एवढ्या झटपट घेतला की पूर्णवेळ नौदलप्रमुख नेमायला १७ एप्रिल उजाडला, म्हणजे पन्नास दिवस. रॉबिन धोवन तेव्हा आले. त्यांच्यापेक्षा सीनियर असलेले पश्चिम कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल शेखर सिन्हा यांनी नंतर मुदतीआधी निवृत्ती मागितली. एका धुराने वरची अख्खी फळी हलली.

जोशी नंतर २०१७ मध्ये अंदमान-निकोबारचे उपराज्यपाल झाले.

प्रश्न: मग अपघातानंतर प्रत्यक्षात शिक्षा होते कोणाला?

बहुतेक वेळा जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरला. नेव्हीत हा जुना आणि कडक नियम आहे, जहाज जमिनीला लागलं, धडकलं, की तू झोपलेला होतास का ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) होतास हे नंतर, आधी उत्तर तुझं. आधी बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसते, ती फक्त काय घडलं ते शोधते. त्यातून गरज वाटली तर कोर्ट मार्शल, नाहीतर नाराजीचं पत्र, बढती अडकणं, कमांड काढून घेणं. १९५७ च्या नेव्ही अॅक्टमध्ये हलगर्जीने जहाज गमावलं किंवा धोक्यात घातलं तर त्याला वेगळा गुन्हा आहे.

ह्या कडकपणाचा उगम समजून घ्या. समुद्रात कॅप्टनच्या वर कोणी नसतं, ना कलेक्टर ना पोलीस, त्याचा शब्द शेवटचा, तर हिशोब पण त्याच्याच नावावर. १९७१ मध्ये दीवजवळ आयएनएस खुकरी पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला स्वतः उतरले नाहीत, आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं असं वाचलेले लोक सांगतात. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले त्या रात्री.

पण हा नियम समुद्रासाठी बनला आहे. जहाज डॉकयार्डात शिरलं की चित्र वेगळं होतं, पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न: डॉकयार्डात असताना जहाज कोणाच्या ताब्यात असतं?

ह्याचं उत्तर द्यायला लोक घुटमळतात तिथेच आग लागते. जहाज कॅप्टनचं, काम डॉकयार्डचं, काही कामं कंत्राटदाराची आणि त्याची माणसं रोज बदलणारी. फायर लाइन दुरुस्तीला काढलेली, तिच्याऐवजी धक्क्यावरून तात्पुरती होज जोडायची, ती कोणी जोडायची? क्रूमधले अनुभवी लोक कोर्सला नाहीतर रजेवर पाठवलेले, कारण जहाज 'नुसतं उभंच' आहे ना. वेल्डिंगला हॉट वर्कची परवानगी लागते आणि शेजारी पाण्याची बादली, एक्स्टिंग्विशर घेऊन एक माणूस उभा लागतो, भिंतीच्या पलीकडच्या खोलीत पण एक लागतो कारण पत्रा तापला की पलीकडचा रंग पेटतो. तो पलीकडचा माणूस चहाला गेला की झालं.

हा फक्त आपला रोग असं समजू नका. १२ जुलै २०२० ला सॅन डिएगोत अमेरिकेच्या बोनहोम रिचर्ड ह्या प्रचंड जहाजाला दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि चार दिवस जळत राहिली. चौकशीत निघालं की जहाजावरच्या बहुतेक फायर स्टेशनांची देखभाल बाकी होती, फोम सोडायचं एक बटण होतं ते कोणी दाबलंच नाही, कारण ते आहे आणि ते कोणी दाबायचं हेच लोकांना नीट माहीत नव्हतं. ज्या एका पोरावर आग लावल्याचा आरोप ठेवला तो २०२२ मध्ये निर्दोष सुटला. जहाज मात्र दुरुस्तीच्या लायकीचं राहिलं नाही, भंगारात विकलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत नेव्हीची ही कथा, तेव्हा पैसा टाकला की सुटेल असं म्हणणाऱ्या भाऊजींना मी हेच सांगतो.

प्रश्न: चांगला कॅप्टन बाहेरच्याला ओळखू येतो का?

परेडवरून नाही. मामांची कसोटी साधी होती, साहेब इंजिन रूममध्ये येतो का, आणि येताना आधी सांगून येतो का. सांगून येणाऱ्याला सगळं रंगवलेलं दिसतं.

दुसरं म्हणजे डिफेक्टचं रजिस्टर. ज्या जहाजाच्या रजिस्टरमध्ये बिघाड कमी लिहिलेले ते चांगलं असं साहेबलोकांना वाटायला लागलं की खालचे लिहायचं बंद करतात, सोपं आहे. पंप आवाज करतोय हे सांगणाऱ्या पोराला 'तुझ्याच वॉचला (पाळीला) कसा करतो रे' असं ऐकवलं की पुढच्या वेळी तो पंप गप्प असतो, बंद पडेपर्यंत.

आणि जेवण. हसू नका. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत एचएमआयएस तलवारवर (हे जहाज नव्हे, इंग्रजांच्या नेव्हीची किनाऱ्यावरची शाळा) जो उठाव झाला आणि बघता बघता अठ्ठ्याहत्तर जहाजं आणि वीसेक हजार खलाशांपर्यंत गेला, त्याची ठिणगी वाईट जेवण आणि तिथल्या इंग्रज साहेबाच्या, कमांडर किंगच्या शिव्या ह्यांत होती. स्वातंत्र्याची मोठी आग आधीच धुमसत होती हे खरंच, पण पहिली मागणी धड जेवणाची होती. डाळीत खडे आहेत हे ज्या साहेबाला कळत नाही त्याला बॉयलरमधली चीर कशी कळणार, हे पण मामांचंच.

प्रश्न: मग बिघाड असलेलं जहाज समुद्रात न्यायचंच नाही का?

तसं केलं असतं तर १९७१ मध्ये विमानवाहू विक्रांत मुंबईच्या बाहेर पडलीच नसती. ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जून १९७० मध्ये जुन्या विक्रांतच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना चिरा सापडल्या. वेल्डिंग करून भागणाऱ्या नव्हत्या. नवीन ड्रम इंग्लंडहून मागवायचे होते आणि तोपर्यंत बॉयलर पेटवायचा नाही असा हुकूम. जहाज महिनोन्महिने बंद. इकडे पूर्व पाकिस्तानात परिस्थिती चिघळत चाललेली. मग १९७१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवे ड्रम न येताच, ठरवून बॉयलर पेटवले, पण वाफेचा दाब कमी ठेवून. वेग १४ नॉटच्या (ताशी समुद्री मैलांच्या) आसपास बांधून घेतला, जे जहाज एरवी चोवीसच्या आसपास जायचं. आता विमानवाहू जहाजाला वेग कशाला लागतो, तर विमान उडताना डेकवर समोरून वारा मिळावा म्हणून. वेग कमी म्हणजे वारा कमी, म्हणजे सी हॉकसारखं विमान उडवायला अवघड. नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा, जहाजाचे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि इंजिनिअर मंडळी, सगळ्यांना हे माहीत होतं. तिला बंगालच्या उपसागरात नेलं आणि ४ डिसेंबर १९७१ ला तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

आता ह्यात आणि निष्काळजीपणात फरक काय, दोन्हीकडे खराब बॉयलर आहेच की. तर इथे चीर सगळ्यांना माहीत होती, दाब किती, फेरे किती, वेग किती ह्याच्या मर्यादा कागदावर होत्या आणि धोका पत्करतोय असं म्हणणारा माणूस सगळ्यात वरचा होता, खालच्या फिटरच्या डोक्यावर ढकललेला नव्हता. माझ्या मते लीडरशिपची अख्खी परीक्षा त्या एका सहीत आहे, कोणी केली आणि कोणाला सांगून केली.

प्रश्न: रिफिटला एवढा उशीर का होतो?

कारण जहाज उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, घराच्या रिनोव्हेशनसारखं, टाइल काढली की खालून पाइप कुजलेला. मग तो भाग मागवा, तो परदेशातला, कंपनी बंद झालेली नाहीतर देशच बदललेला (सोव्हिएत युनियन आठवा), टेंडर, परत टेंडर. आयएनएस सिंधुकीर्ती पाणबुडी विशाखापट्टणमला २००६ मध्ये रिफिटला गेली आणि २०१५ मध्ये परत मिळाली. नऊ वर्षं! भरती झालेला पोरगा तोवर अर्धी नोकरी करून बसला.

उशीर झाला की बाकीच्या जहाजांना जास्त दिवस समुद्रात राहावं लागतं, त्यांचं रिफिट पुढे ढकललं जातं, आणि पुढे ढकलताना प्रत्येक वेळी कोणीतरी 'अजून सहा महिने चालेल' असं लिहून देतं. त्याच कॅग रिपोर्टात २००७-०८ ते २०१५-१६ ह्या काळातले जहाज-पाणबुड्यांचे ३८ अपघात मोजले आहेत, ३३ माणसं गेली, आणि सुरक्षेचं काम बघणारी वेगळी टीम नेव्हीत २०१४ मध्ये आली.

प्रश्न: मुंबईचा डॉकयार्ड खरंच एवढा जुना आहे?

हो. १७३० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना आणलं, १७५० मध्ये पहिला ड्राय डॉक झाला. मलबारी सागवानाची जहाजं इथे बांधली जायची आणि ती ओकच्या जहाजांपेक्षा जास्त टिकायची. १८१७ मध्ये इथे पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला म्युझियम म्हणून अजून तरंगतंय. आणि २०१९ मध्ये त्याच परिसरात विमानवाहू जहाज मावेल असा नवा डॉक झाला.

प्रश्न: ट्रिंकोमाली दोनशे वर्षं टिकलं, मग आपली विक्रांत भंगारात का गेली?

हा प्रश्न विचारू नका, त्रास होतो. १९९७ मध्ये निवृत्त, मग काही वर्षं मुंबईत म्युझियम, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद, २०१४ मध्ये कोर्टकचेरी होऊन तोडली. कारण तेच, बूड. पाण्यात उभ्या म्युझियमला पण डॉकिंग लागतं आणि दरवर्षी तो खर्च करायला कोणी तयार नव्हतं. तिचं थोडं पोलाद बजाजच्या व्ही मोटरसायकलमध्ये गेलं. आमच्या गल्लीत एकाकडे ती आहे, तिची टाकी तो रोज पुसतो.

प्रश्न: मुलीला ह्या लाइनमध्ये जायचंय, मशिनची आवड आहे. कुठे शिकवतात?

मरीन इंजिनिअरिंगचं नेव्हीचं मोठं केंद्र आयएनएस शिवाजी, ते लोणावळ्याला आहे. हो, डोंगरावर, समुद्र नाही. १९४५ पासून तिथेच, आणि नाव इंग्रजांच्याच काळातलं. आग आणि पाणी भरणं ह्यांच्याशी कसं लढायचं ते शिकवणारी शाळा पण तिथेच, पोरांना झुकणाऱ्या खोलीत पाणी सोडून भोकं बुजवायला लावतात. इलेक्ट्रिकलवाले जामनगरला वलसुराला जातात. आयटीआय करून डॉकयार्डात शिरायचं असेल तर अॅप्रेंटिस भरतीच्या जाहिराती बघत राहा.

प्रश्न: जहाज आतून बघायला मिळतं का?

४ डिसेंबरच्या नेव्ही डेच्या आसपास मुंबईत काही जहाजं लोकांसाठी उघडतात, त्या वर्षीची तारीख-वेळ आणि ओळखपत्राचा नियम आधी पेपरात बघून घ्या. सगळे तोफेपाशी सेल्फी काढतात. तुम्ही जरा मान वळवून नांगराच्या भोकाखाली गंजाचे ओघळ आहेत का ते बघा, फायर होज कपाटात नीट गुंडाळलेली आहे का, एक्स्टिंग्विशरला लटकवलेल्या चिठ्ठीवर शेवटची तारीख कोणती आहे. आणि ती चिठ्ठी तुम्ही वाचताय हे बघून शेजारी उभा असलेला नौसैनिक हसला तर त्याला विचारा, त्यावरची सही कोणाची.